सगळ्यांना ठाऊक असलेले : बडोद्यातील तीन विद्यांची हकीकत

युक्लिडच्या पहिल्या पुस्तकातले विसावे प्रमेय असे आहे की त्रिकोणाच्या कोणत्याही दोन भुजा मिळून तिसरीपेक्षा मोठ्या असतात. हे प्रमेय वाचून प्राचीन काळचे एपिक्युरसपंथी हसत. यात सिद्ध काय करायचे, असे त्यांचे म्हणणे. हे तर गाढवालाही ठाऊक आहे. त्रिकोणाच्या एका टोकाला गाढव उभे करा, दुसऱ्या टोकाला गवताची पेंढी ठेवा. गाढव एका भुजेवरून नीट पेंढीकडे जाईल, तिसऱ्या टोकाला वळसा घालत बसणार नाही. पाचव्या शतकातल्या प्रोक्लस या टीकाकाराने ही थट्टा लिहून ठेवली आहे आणि तिला उत्तरही दिले आहे. गोष्ट खरी आहे हे डोळ्यांना दिसणे वेगळे, आणि ती का खरी आहे हे सांगता येणे वेगळे. शास्त्राचे काम दुसऱ्या प्रकारचे.

वाचकहो, व्याख्यानमालेच्या या पुष्पात मला बडोद्याविषयी बोलायचे आहे, आणि सुरुवात गाढवापासून केली याचा राग मानू नये. शुद्ध भूमिती, तरुणांचे खेळ आणि स्त्रियांचे आरोग्य हे तीन विषय एका दमात कोणी घेत नाही. विद्यापीठात त्यांच्या इमारतीसुद्धा एकमेकींपासून लांब असतात. पण आपल्या या शहरात सुमारे शंभर वर्षांच्या अवधीत या तिन्ही विषयांत काम झाले, आणि प्रत्येक वेळी काम करणाऱ्याला एकच आक्षेप ऐकावा लागण्याजोगा होता: हे तर सगळ्यांना ठाऊकच आहे. त्या आक्षेपाला तिन्ही ठिकाणी काय उत्तर मिळाले, आणि कोणत्या क्रमाने मिळाले, एवढेच आज पाहायचे आहे. क्रमाकडे विशेष लक्ष असू द्यावे.

आधी भूमिती. १९०१ आणि १९०२ साली मुंबईच्या संस्कृत ग्रंथमालेत ‘रेखागणित’ नावाचा ग्रंथ दोन भागांत छापून निघाला. जयपूर वसवणाऱ्या सवाई जयसिंहाच्या पदरी असलेल्या जगन्नाथ सम्राटाने १७१८ च्या सुमारास केलेले युक्लिडचे हे संस्कृत रूपांतर. ते ग्रीकवरून केलेले नव्हते. तेराव्या शतकातल्या नसीरुद्दीन तूसीने युक्लिडची जी अरबी आवृत्ती सिद्ध केली, तिच्यावरून ते केलेले होते. हा ग्रंथ छापायचे ज्याने मनावर घेतले तो गृहस्थ गणिताचा प्राध्यापक नव्हता. हरिलाल हर्षदराय ध्रुव हे बडोद्याचे न्यायाधीश. गुजरातीतले कवी आणि संस्कृतज्ञ. १८८९ मध्ये स्टॉकहोमला भरलेल्या प्राच्यविद्या परिषदेला ते बडोदे संस्थानातर्फे गेले होते. १८९६ मध्ये ते वारले. हाती घेतलेला ग्रंथ पुढे कमलाशंकर प्राणशंकर त्रिवेदी यांनी संपादून तडीस नेला, आणि मुखपृष्ठावर ध्रुवांचे नाव राखले. दिवसभर दिवाणी दावे ऐकून संध्याकाळी त्रिकोण-चौकोन पाहणारा न्यायाधीश मला मोठा आवडतो. दोन्ही ठिकाणी काम एकच की! पुराव्याशिवाय निकाल नाही.

ग्रंथात पंधरा अध्याय आहेत आणि ४७८ प्रमेये. प्रमेयाला जगन्नाथाने शब्द वापरला आहे ‘शकल’. अरबीत आकृतीला ‘शक्ल’ म्हणतात. आपणही माणसाची ‘शक्कल’ आणि कल्पनेची ‘शक्कल’ म्हणतोच. पण संस्कृतात ‘शकल’ म्हणजे तुकडा. एकाच उच्चारात दोन भाषा बसल्या आणि पंडिताने तो योग वाया जाऊ दिला नाही. दुसरी खूण आकृतीतल्या अक्षरांत आहे. शाळेत आपण त्रिकोणाला ‘अबक’ म्हणत आलो, चौकोनाला ‘अबकड’. कारण इंग्रजी पुस्तकातल्या ए, बी, सी, डी यांच्या जागी ती अक्षरे बसवली गेली. जगन्नाथाच्या आकृत्यांत मात्र ‘अबजद’ आहे, म्हणजे अलिफ, बे, जीम, दाल. अथेन्स नाही, अलेक्झांड्रिया नाही. वाट बगदाद आणि मराघ्यावरून आली हे त्या चार अक्षरांनी सांगून टाकले. प्रास्ताविक श्लोकांत मात्र हे शिल्पशास्त्र ब्रह्मदेवाने विश्वकर्म्याला सांगितले, परंपरेने भूतलावर आले, मध्यंतरी लोपले आणि जयसिंहाच्या आज्ञेने पुन्हा प्रकट झाले, असे म्हटले आहे. श्लोक एक सांगतो, आकृती दुसरेच सांगते. मी आकृतीवर विश्वास ठेवतो. (जगन्नाथ मूळचा दक्षिणेतला, आपल्याकडचा, अशी दंतकथा आहे. प्रत्येक मोठा माणूस शेवटी मराठी निघावा ही आपली जुनी हौस आहे. ती आज बाजूला ठेवू.)

आता ते विसावे प्रमेय. गाढवाला जे ठाऊक आहे ते सिद्ध कसे होते हे एकदा पाहाच. कागद-पेन्सिल घेतलीत तर बरे, न घेतलीत तरी चालेल. अबक हा त्रिकोण घ्या. बअ ही भुजा अ च्या पुढे ड पर्यंत अशी वाढवा की अड ही लांबी अक एवढी होईल. ड आणि क जोडा. अडक हा त्रिकोण समद्विभुज झाला, म्हणून त्याचे ड पाशी आणि क पाशी असलेले कोन सारखे. पण बकड हा कोन अकड या कोनाला पोटात घेऊन बसला आहे, म्हणून त्याहून मोठा. म्हणजेच बडक या मोठ्या त्रिकोणात क पाशी असलेला कोन ड पाशी असलेल्या कोनाहून मोठा. मोठ्या कोनासमोरची भुजा मोठी, म्हणून बड ही बक पेक्षा मोठी. आणि बड म्हणजे तरी काय? बअ अधिक अक. झाले.

यात गाढवापेक्षा अधिक काय मिळाले? तीन गोष्टी मिळाल्या. हे एका गाढवापुरते, एका शेतापुरते खरे नसून काढता येईल त्या प्रत्येक त्रिकोणाविषयी खरे आहे, ही पहिली. ते कशावर उभे आहे हे कळले, ही दुसरी: समद्विभुजाचे कोन, आणि मोठ्या कोनासमोर मोठी भुजा. तिसरी गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. ज्याला हे पटत नाही त्याला आता कुठे बोट ठेवायचे ते कळते. नुसत्या ‘ठाऊक आहे’शी वाद घालता येत नाही. सिद्धतेशी घालता येतो.

हे लक्षात ठेवून मैदानावर येऊ.

हुतुतू हा खेळ कोणाला शिकवावा लागत नव्हता. गावोगाव तो होताच. बंगालमध्ये त्याला हाडुडू म्हणत, दक्षिणेत चेडुगुडू. पण प्रत्येक ठिकाणी खेळ निराळा. एका प्रकाराला संजीवनी म्हणत: समोरचा एक गडी बाद झाला की आपला बाद झालेला एक गडी उठून आत येई. दुसरा गामिनी: बाद झाला तो झाला, सगळा संघ गारद होईपर्यंत त्याने बाहेर बसायचे. तिसरा अमर: गडी बाद झाला तरी मैदान सोडत नसे, फक्त गुण मोजला जाई. आता विचार करा, संजीवनी खेळणाऱ्या गावचा संघ गामिनी खेळणाऱ्या गावी गेला तर काय होत असेल. खेळ सगळ्यांना ठाऊक होता, आणि म्हणूनच दोन गावांना तो एकत्र खेळता येत नव्हता. भांडण मिटवायला जवळ काही लिहिलेले नव्हते. ज्याचे गाव त्याचा नियम.

१९१८ पासून साताऱ्याकडे नियम बांधण्याचे प्रयत्न चालले होते. १९२३ मध्ये आपल्या हिंदविजय जिमखान्याने सुधारलेले नियम पुढे आणले आणि त्या नियमांनुसार बडोद्यात अखिल भारतीय सामने भरवले. आज कबड्डीचे सामने दूरचित्रवाणीवर झगमगाटात चालतात. संजीवनीतला ‘उठवण्याचा’ नियम त्यात अजून जिवंत आहे. नियमांचे पुस्तक निघाले की परगावच्या पोराला पंचाकडे जाऊन सांगता येते, अमुक कलमाप्रमाणे मी बाद नाही. प्रोक्लसचे उत्तर ते हेच, फक्त लंगोट कसून दिलेले.

खो-खो तर याहून गमतीचा. त्याचे नियम १९१४ मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने बांधले आणि बडोद्याने तो खेळ जीव लावून वाढवला. पाठलाग करणाऱ्या संघाचे आठ गडी मधल्या पट्टीत एकाआड एक उलट्या दिशांना तोंडे करून बसतात. धावणारा पळता गडी पट्टी हवी तिथून ओलांडू शकतो. पाठलाग करणाऱ्याला मात्र ती ओलांडता येत नाही आणि मागेही वळता येत नाही. समोर दोन हातांवर गडी आहे, मधे फक्त पट्टी आहे, आणि तरी याला खांबाला वळसा घालून जायला हवे, नाहीतर योग्य जागी बसलेल्या सोबत्याला खो द्यायला हवा. म्हणजे गाढवाला जी सरळ वाट ठाऊक आहे, नेमकी तीच नियमाने बंद केली आहे, आणि सगळा खेळ त्या बंदीतून जन्मला आहे. हे ज्यांनी बसवले त्यांनी युक्लिड वाचला होता की नाही याने काही बिघडत नाही.

बडोद्याच्या तालमींत याच सुमारास दुसरेही काही चालले होते. जुम्मादादा या वस्तादांच्या तालमीची सूत्रे त्यांचे शिष्य माणिकराव यांच्याकडे आली. प्रोफेसर राजरत्न माणिकराव म्हणून जुन्या घरांत अजून त्यांचे नाव निघते. शेकडो मुलांनी एका हुकुमावर एकत्र करायची कवायत, जिला ते संघव्यायाम म्हणत, ती त्यांनी देशी हुकुमांवर बसवली. त्यांच्याकडे १९०७ ते १९१० या काळात शिकलेला एक विद्यार्थी जगन्नाथ गणेश गुणे, जन्म १८८३, गाव डभोई, म्हणजे बडोदे संस्थानातलेच. पुढे ते स्वामी कुवलयानंद झाले. योग्यांना शतकानुशतके ठाऊक होते की उड्डियान आणि नौली केल्याने पोटात काहीतरी घडते. गुण्यांनी विचारले, काय घडते? १९२०-२१ मध्ये बडोद्याच्या दवाखान्यातल्या प्रयोगशाळेत त्यांनी काही विद्यार्थ्यांवर त्याची तपासणी केली, क्ष-किरणांची मदत घेतली. १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम निघाले त्याचे मूळ या तपासणीत आहे. गुरूने सांगितले म्हणून खरे, असे म्हणणारा माणूस हे करत नाही. आणि गुरूने सांगितले म्हणून खोटे, असे म्हणणाराही करत नाही.

मग आला व्यायाम ज्ञानकोश. दत्तात्रय चिंतामण करंदीकर-मुजुमदार यांनी संपादलेले मराठीतले दहा खंड, १९३६ पासून १९४९ पर्यंत. मल्लखांब, कुस्ती, लाठी, बनेटी, आसने, देशी खेळ, परदेशी खेळ. जे वस्तादाच्या हातात आणि शिष्याच्या पाठीवर होते ते पानांवर, चित्रांसह उतरले. लक्षात घ्या, हे काम पुण्यात झाले नाही, मुंबईत झाले नाही. बहुसंख्य प्रजा गुजराती असलेल्या संस्थानात, मराठी घराण्यातल्या माणसाने, मराठीत, सुमारे तेरा वर्षे खपून केले. मधे महायुद्ध आले, संस्थान विलीन झाले, तरी खंड निघत राहिले. १९५० मध्ये त्याचा सार सांगणारा एक खंड इंग्रजीतही आला, आणि भारतीय कुस्ती-तालमींवर लिहिणारे परदेशी अभ्यासक आज हवाला देतात तो बहुधा त्याचाच. मूळ मराठी दहा खंड तुमच्यापैकी कोणाच्या माळ्यावर असतील तर एकदा खाली काढावेत. वाळवीला मराठी येत नाही, पण तिला कागद चालतो.

येथपर्यंतची हकीकत अभिमानाने सांगण्याजोगी आहे आणि आपण ती सांगतोही. तिसऱ्या विषयाकडे वळले की आवाज जरा खाली येतो.

रावपुऱ्यातला टॉवर सर्वांना माहीत आहे. १८९६ मध्ये बांधलेला तो घड्याळाचा मनोरा चिमणाबाई टॉवर, सयाजीराव महाराजांच्या पहिल्या राणीच्या नावाचा. त्या तंजावरहून आलेल्या, मूळच्या लक्ष्मीबाई. १८८५ मध्ये क्षयाने वारल्या, तेव्हा वय विशीच्या उंबरठ्यावर. त्या काळी राजवाड्यातही बाईचे आयुष्य एवढेच असू शकत होते, मग वाडीतल्या आणि मांडवीतल्या घरांत काय असेल ते सांगायला नको. हे सगळ्यांना ठाऊक होते. बाळंतपणात बायका जातात, मुली फिकट असतात, लवकर दमतात. ‘अंगात रक्त नाही’ हे वाक्य आपल्या आज्यांच्या तोंडी सहज असे, आणि त्याला जोडून दुसरे: ‘बायकांना असतंच ते’. पहिले वाक्य निरीक्षण आहे, अगदी अचूक. दुसरे त्या निरीक्षणाचा गळा दाबते.

महाराजांनी काही केले नाही असे नाही. काळाच्या फार पुढचे केले. १८९३ मध्ये अमरेली प्रांतातल्या काही गावांत शिक्षण सक्तीचे करून पाहिले आणि १९०६ मध्ये ते साऱ्या संस्थानाला लागू केले, मुलांना बाराव्या वर्षापर्यंत, मुलींना दहाव्या. १९०४ मध्ये बालविवाह प्रतिबंधाचा कायदा आला. मुलीचे किमान वय बारा, मुलाचे सोळा, आणि त्यालाही अपवाद ठेवावे लागले. दुसऱ्या चिमणाबाईंनी १९११ मध्ये भारतीय स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजी पुस्तक सहलेखकासह प्रसिद्ध केले, १९२७ मध्ये अखिल भारतीय महिला परिषदेच्या त्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. पण कायदा वर्षे मोजतो. मुलगी दहाव्या वर्षी शाळा सोडते, बाराव्या वर्षी लग्नाला पात्र होते. मधल्या दोन वर्षांत तिच्या शरीरात काय चालले आहे याचे कलम कायद्यात नसते.

मैदानावर मुली आल्या आणि छान आल्या. खो-खोला अर्जुन पुरस्कार मिळू लागला तेव्हा १९७० मध्ये पहिला मान बडोद्याच्या सुधीर परबांना मिळाला, आणि पुढच्याच वर्षी, १९७१ मध्ये, गुजरातकडून खेळणाऱ्या अचला देवरे यांना. पुरस्कार मिळवणारी मुलगी दिसते, तिचे फोटो छापून येतात. जी चार खो झाल्यावर धापा टाकत बसली आणि दुसऱ्या दिवसापासून मैदानावर फिरकलीच नाही, तिची नोंद कोणत्या वहीत असते? घरचे म्हणाले, हिला खेळाची आवडच नाही.

तिची नोंद घेणारे लोक ज्या जागेतून निघाले, तिचीही थट्टा होत असे. १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले. कुलगुरू झाल्या हंसा मेहता, बडोद्याचे दिवाण मनुभाई मेहता यांच्या कन्या. मुलामुलींच्या एकत्र विद्यापीठाच्या कुलगुरुपदी आलेल्या भारतातल्या त्या पहिल्या स्त्री. आदल्याच काळात संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात ‘सर्व पुरुष’ या अर्थाने घेता येईल असा शब्द काढून ‘सर्व मानव’ असा शब्द घालायला लावणाऱ्या त्याच या. विद्यापीठाच्या सुरुवातीलाच त्यांच्या कारकिर्दीत गृहविज्ञान विद्याशाखा उभी राहिली. गृहविज्ञान म्हणजे पदवी देणारा स्वयंपाकघराचा वर्ग, अशी कुजबुज तुम्हीही ऐकली असेल. वरणभात कसा करावा हे काय विद्यापीठात शिकायचे? ते तर सगळ्यांना ठाऊक आहे. गाढव पुन्हा हजर.

त्याच विद्याशाखेच्या अन्न व पोषण विभागाने १९८० च्या दशकात शाळकरी मुलांना लोहाच्या गोळ्या देऊन त्यांच्या बुद्धीच्या कामावर काय परिणाम होतो ते तपासले. पुढे लक्ष वयात येणाऱ्या मुलींकडे वळले. कारण सरळ आहे. रक्तातला तांबडा पदार्थ, हिमोग्लोबिन, लोहाशिवाय बनत नाही आणि प्राणवायू स्नायूंपर्यंत तोच वाहून नेतो. दहाव्या-बाराव्या वर्षी मुलीची उंची भराभर वाढते, रक्ताचे प्रमाण वाढावे लागते, त्यातच मासिक पाळी सुरू होऊन दरमहा लोह बाहेर जाऊ लागते. नेमक्या त्याच वयात ताटात तिला शेवटी वाढले जाते. बारा वर्षांवरच्या मुलीच्या शंभर मिलिलिटर रक्तात हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली गेले की त्याला रक्तक्षय म्हणायचे, अशी रेघ ठरली आहे. ‘अंगात रक्त नाही’ या वाक्याला आकडा मिळाला.

वडोदऱ्याच्या पालिका शाळांतल्या नऊ ते चौदा वर्षांच्या मुलींवर झालेला आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास मला या सगळ्या हकीकतीचा गाभा वाटतो. संशोधकांनी मुलींचे रक्त तपासले. दोन-तृतीयांशांच्या आसपास मुलींत रक्तक्षय आढळला. मग त्यांनी त्यांना पायरीवर चढ-उतार करायला लावली. खेळाडूंचा आणि सैनिकांचा दम मोजण्यासाठी परदेशात बसवलेली ही कसोटी. येथे ती मुलींच्या बेताने बदलून घेतली होती. किती पायऱ्या चढली ते मोजायचे, थांबल्यावर नाडी पूर्ववत व्हायला किती वेळ लागतो ते पाहायचे. रक्त कमी असलेल्या मुली कमी पायऱ्या चढल्या आणि त्यांची नाडी उशिरा शांत झाली. वाचकहो, तालमीतला ‘दम’ आणि आजीचे ‘अंगात रक्त नाही’ ही दोन वाक्ये येथे, एका पायरीवर, प्रथम शेजारी आली. जी मुलगी खो-खोतून उठून गेली तिला खेळाची आवड नव्हती असे नाही. तिच्या स्नायूंना प्राणवायू पोचत नव्हता.

आवडीचा प्रश्न असता तर औषध नव्हते. लोहाचा प्रश्न आहे म्हटल्यावर औषध होते. त्याआधी, २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात याच विभागाने शहरातल्या झोपडवस्तीतल्या दहा ते अठरा वर्षांच्या मुलींना तीन महिने रोज ६० मिलिग्रॅम लोह आणि जोडीला फोलिक आम्ल दिले. हिमोग्लोबिन वाढले हे अपेक्षितच होते. पण गोळ्या घेणाऱ्या मुलींचे वजनही सरासरी ०.८३ किलोने वाढले. ज्यांना गोळ्या दिल्या नव्हत्या त्यांचे जवळजवळ जागच्या जागी राहिले. मुलींना भूक लागू लागली होती. लहान वयाच्या मुलींत वाढ अधिक दिसली, म्हणजे जितके लवकर तितके बरे. पाऊण किलो ऐकायला थोडे वाटते, पण ते ज्या वयातले आहे तो विचार करा. ती मुलगी पुढे आई होणार, आणि तिच्या अंगात त्या वेळी जेवढे असेल तेवढ्यातूनच बाळाला मिळणार. वडोदरा जिल्ह्यातल्या शाळांत त्यानंतर आठवड्याला एक गोळी देण्याचा कार्यक्रम चालला आणि मुलींतला रक्तक्षय सुमारे तीन-चतुर्थांशांवरून निम्म्याच्या आसपास आला. २०१३ पासून साप्ताहिक लोहगोळीची योजना साऱ्या देशात लागू झाली; शाळेत सोमवारी मिळणारी निळी गोळी ती हीच.

आता क्रम पाहा. भूमिती १९०१. हुतुतू १९२३. व्यायाम १९३६ ते १९४९. मुलींचे रक्त आणि दम, २००० नंतर. ज्या शहराने युक्लिड छापला आणि मल्लखांबाच्या प्रत्येक पकडीचे चित्र काढले, त्याने आपल्या मुलीला पायरी चढायला सांगून नाडी मोजण्यासाठी जवळजवळ शंभर वर्षे लावली. यासाठी लागणारी साधने फार नव्हती. पायरी होती, घड्याळ होते; रावपुऱ्यात चांगले मोठे होते.

भाषेचाही एक पेच आहे आणि तो आपल्यासारख्यांच्या घरचा आहे. रेखागणित अरबीतून संस्कृतात आले, कारण जयसिंहाच्या पंडितांची भाषा ती होती. ज्ञानकोश मराठीत निघाला, कारण तालमीत बोलली जाणारी भाषा ती होती. मुलींवरचे हे सगळे अभ्यास इंग्रजी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. शास्त्राचा व्यवहार आज असाच चालतो, त्याला संशोधकांचा इलाज नाही. पण ‘बायकांना असतंच’ हा आक्षेप इंग्रजीत कोणी घेत नाही. तो मराठीत घेतला जातो, गुजरातीत घेतला जातो, जेवणघरात, आणि बहुतेक वेळा घरातल्या बाईकडूनच. तिथे उत्तर पोचले नाही तर गोळी पोचूनही उपयोग नसतो. ती रिकाम्या पोटी घेतली की मळमळते, शौचाला काळे होते; आधी कोणी सांगितलेले नसेल तर मुलगी घाबरते, गोळी खिडकीतून टाकते आणि घरी बोलत नाही. जेवणानंतर घे, काळे होईल ते लोहामुळे, घाबरू नकोस, एवढी तीन वाक्ये कोणत्याही आईला सांगता येतील.

भूमितीत एक सोय आहे. विसावे प्रमेय एकदा सिद्ध झाले की झाले. ते पुन्हा बिघडत नाही, दर पिढीला नव्याने तपासावे लागत नाही. रक्ताचे तसे नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणीस वयाच्या मुलींपैकी देशात ५९ टक्के, आणि गुजरातेत ६९ टक्के रक्तक्षयी आढळल्या. त्याआधीच्या पाहणीत गुजरातचा आकडा ५६ च्या घरात होता.